कामाची जागा माणसाला मानवली पाहिजे

(आजरा येथे तालुक्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कामाची जागा, माणसाचा स्वभाव आणि निसर्गाविषयीची आपली जबाबदारी या तिन्हींचा मेळ कसा घालावा, या विषयावर मी आज बोलावे अशी आपली इच्छा आहे. विषयाचे नाव भारदस्त आहे. परंतु त्याचा आशय आपल्या घरगुती बोलीत पूर्वीपासून आहे. मराठीत ‘मानवणे’ असे एक फार उपयोगी क्रियापद आहे. नव्या गावची हवा मानवते, पाणी मानवते, एखादे औषध मानवत नाही. त्याच अर्थाने कामाची जागाही माणसाला मानवते किंवा मानवत नाही. जागेत राहणाऱ्या माणसाच्या प्रकृतीशी ती जुळली तर ती मानवली, असे आपण म्हणतो. माणूस जागत्या वेळेचा निम्मा भाग कामाच्या जागी घालवतो. ती जागा त्याला मानवत नसेल, तर त्याच्या घरी आणि त्याच्या गावी आपण कितीही सुधारणा केल्या तरी त्या अपुऱ्याच राहतील.

माझे आजचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, जी जागा काम करणाऱ्याच्या शरीराला मानवत नाही, ती बहुधा भोवतालच्या पाण्याला, हवेला आणि झाडोऱ्यालाही मानवत नाही. या दोन वेगळ्या तक्रारी नसून एकाच दुखण्याची ती दोन लक्षणे होत. म्हणून त्यांवरील उपायही पुष्कळ वेळा एकच असतो. हे मी पुस्तकी दाखल्यांनी न सांगता, आपल्याच तालुक्यातील एका उद्योगाच्या आधारे सांगणार आहे.

शिवारातील कामाची घडण

आजरा तालुका हा मुळात शिवाराचा तालुका. डोंगरउतारावर नाचणी आणि खालच्या खाचरांत भात हे येथील जुने पीक. येथील सुवासिक घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपणां सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. हा तांदूळ ज्या कामातून निघतो ते काम सोपे आहे, असे मात्र कोणी समजू नये. डोक्यावर इरले घेऊन, दिवसभर वाकून रोपे लावताना कंबर मोडते. पायांना चिखल्या होतात. त्या कष्टांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

तथापि त्या कामाच्या घडणीत काही गोष्टी अशा होत्या, की ज्या माणसाच्या स्वभावाला धरून होत्या. काम उजेडाबरोबर सुरू होई आणि उजेडाबरोबर थांबे. बांधावर बसून न्याहारी करण्याची वेळ ठरलेली असे. एकट्याने न उरकणारे काम इर्जिक घालून गावाने मिळून उरकावे, अशी रीत होती. लावणीला आणि जात्यावर गाणे असे. गाण्याने हातांना लय मिळत असे आणि मनालाही विसावा मिळे. संध्याकाळी मागे वळून पाहिले, की आपण केलेले काम हिरव्या रांगांच्या रूपाने डोळ्यांसमोर उभे असे. शरीराला हालचालीत पालट हवा, मनाला सोबत हवी, आणि केलेल्या कामाचे रूप डोळ्यांनी दिसावे, या माणसाच्या साध्या गरजा आहेत. शिवाराने त्या थोड्याफार भागविल्या. शेतातून उठून माणूस जेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसतो, तेव्हा या गरजा तो घरी ठेवून येत नाही. शेड बांधणाऱ्याने मात्र त्या हिशेबात धरलेल्या नसतात.

काजूचा कारखाना

आजरा आणि शेजारचा चंदगड या तालुक्यांत काजूवर प्रक्रिया करणारे अनेक लहान-मोठे कारखाने उभे राहिले आहेत. काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला आणि घाट चढून येथील डोंगरांवरही रुजला. पडीक उतारावर उत्पन्न देणारे झाड आणि गावातल्या गावात स्त्रियांना रोजगार देणारा धंदा, असा त्याचा दुहेरी लाभ आहे. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर स्वतःच्या नावाची कमाई होणे ही ग्रामीण स्त्रीच्या जीवनात किती मोठी गोष्ट आहे, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

आता या धंद्यातील काम कसे चालते ते पाहू. बी उन्हात वाळवली जाते, नंतर वाफेवर उकडली जाते आणि थंड झाल्यावर फोडली जाते. हाताने व पायाने चालवायच्या कटरवर एकेक बी धरून तिचे टरफल कापायचे आणि आतला गर अखंड काढायचा, असे हे काम आहे. पुढे गर उष्ण हवेत वाळवून त्यावरची तांबूस साल सोलायची आणि आकार व रंग पाहून प्रतवारी करायची. या कामात स्त्रियांच्या हातांचे कौशल्य विलक्षण असते. अखंड गराला भाव अधिक आणि तुकड्याला कमी. त्यामुळे साऱ्या धंद्याचा नफा-तोटा त्या बोटांच्या टोकावर तोललेला असतो.

परंतु त्याच बोटांवर एक संकट असते. काजूच्या टरफलाच्या आतील व बाहेरील कवचांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे असून त्यांत दाहक तेल भरलेले असते. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे. बिब्बा उतणे म्हणजे काय, आंब्याचा चीक लागल्यावर कातडी कशी सोलवटते, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. काजूचे तेल त्याच जातीचे. उकडलेल्या बीमध्ये हे तेल बव्हंशी टरफलातच राहते आणि कापताना ते बोटांवर येते. कातडी काळी पडते, फोड येतात, सोलते. हातांना एरंडेल तेल किंवा राख लावून स्त्रिया आपल्यापुरता बचाव करीत आल्या आहेत.

हातमोज्यांचा धडा

यावर लगेच असे म्हटले जाते, की हातमोजे दिले म्हणजे प्रश्न मिटला. आणि त्यामागोमाग तक्रार येते, की हातमोजे दिले तरी बायका ते घालीत नाहीत. या तक्रारीत आपल्या विषयाचे मर्म आहे. जाड रबरी मोज्यात हात घामाने भिजतो. बोटांना बीचा स्पर्श कळेनासा होतो, गर तुटतो आणि कामाचा वेग मंदावतो. मजुरी जर किलोवर ठरलेली असेल, तर मोजे घालणाऱ्या स्त्रीची त्या दिवसाची कमाई घटते. मग ती मोजे काढून बाजूला ठेवते. हा तिचा अडाणीपणा नसून साधा हिशेब आहे. तिच्या पदरी कमाई आणि कातडी यांपैकी एकाची निवड टाकलेली आहे, आणि घरातली चूल पाहून ती कमाई निवडते.

तात्पर्य, संरक्षणाचे साधन शरीराच्या सवयीशी आणि मजुरीच्या रीतीशी जुळले नाही, तर ते खुंटीवरच राहते. बोटांना स्पर्श राहील असे पातळ मोजे, आतून सुती अस्तर, फाटताच बदलून देण्याची व्यवस्था, कामापूर्वी हातांना लावण्यासाठी तेल, धुण्यासाठी भरपूर पाणी व साबण, आणि या सर्वांना लागणारा वेळ धरून ठरविलेला मजुरीचा दर, असे सर्व एकत्र हवे. चार प्रकारचे मोजे आणून आठ दिवस त्या स्त्रियांनाच वापरून पाहू द्यावेत आणि त्या निवडतील तेच घ्यावेत. ज्याला विचारून साधन आणले, तो ते वापरतो. हा अनुभव शेतीतील अवजारांपासून शाळेतील बाकांपर्यंत सर्वत्र सारखा आहे.

बैठकीचेही तसेच. साल सोलण्याचे काम जमिनीवर मांडी घालून तासन् तास करणाऱ्या स्त्रीला पाठीला टेकू, हाताच्या उंचीला ताट आणि डाव्या-उजव्या बाजूने येणारा नैसर्गिक उजेड मिळाला, तर तिचे डोळे व पाठ दोन्ही वाचतात आणि प्रतवारीही चोख होते. सोबतिणीशी बोलण्याची मुभा असावी. बोलण्याने काम बिघडते ही समजूत लावणीच्या शेताने कधीच खोटी ठरविली आहे.

हाताला जे पोळते, तेच पाण्याला

आता या चित्राची दुसरी बाजू पाहू. शंभर किलो बियांतून गर मिळतो तो साधारण पंचवीस किलोच्या आसपास. उरलेला मोठा भाग टरफलाचा. त्या टरफलाचे पुढे काय होते? पुष्कळ ठिकाणी ते जळण म्हणून भट्टीत जाते. टरफलात तेल असताना ते जाळले, म्हणजे काळा, झोंबणारा धूर निघतो. प्रथम तो भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत व छातीत जातो आणि मग गावावर पसरतो. टरफलांचे ढीग उघड्यावर राहिले आणि त्यांवर आजऱ्याचा पाऊस कोसळला, म्हणजे त्यातून निघणारे काळपट पाणी उताराने ओढ्याकडेच जाणार. आपल्या तालुक्यात पाऊस किती पडतो आणि उतार कोठे जातो, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

म्हणजे ज्या तेलाने स्त्रीचा हात पोळला, त्याच तेलाने कामगाराचे डोळे झोंबले आणि तेच तेल ओढ्यात उतरले. हात, हवा आणि पाणी यांच्या तक्रारी नोंदवायला आपण तीन वेगळ्या खात्यांकडे जातो. पण अपराधी एकच आहे. गंमत अशी की, हा अपराधी मोठा कमावताही आहे. टरफलाच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके निघणारे हे तेल रंग, वार्निश, राळ आणि वाहनांच्या ब्रेकची अस्तरे यांसाठी कारखान्यांना लागते. किनाऱ्यावर होड्यांच्या लाकडाला हे तेल लावण्याची चाल जुनी आहे. टरफले छपराखाली कोरडी साठवून त्यातील तेल यंत्राने पिळून काढले, तर तेलाला किंमत येते आणि उरलेली पेंड जाळताना धूरही पुष्कळ कमी निघतो. जे वाया गेले असता हाताला, छातीला आणि पाण्याला घातक ठरते, तेच नीट धरून ठेवले असता उत्पन्न देते.

एकट्या लहान कारखानदाराला तेल काढण्याचे यंत्र परवडणार नाही, हे खरे. परंतु कोल्हापूर जिल्ह्याला सहकाराचा मंत्र कोणी शिकवावा लागतो असे नाही. दहा-वीस कारखान्यांची टरफले एका जागी गोळा करून सामाईक घाणा चालविणे हे ऊस एकत्र गाळण्याहून अवघड काम नव्हे.

ही मागणी नवी नाही

कामाच्या जागेत माणसाच्या प्रकृतीचा विचार व्हावा, ही कल्पना परदेशातून अलीकडे आलेली आहे, असे काहींना वाटते. तसे नाही. स्कॉटलंडमधील क्लाइड नदीकाठच्या न्यू लॅनार्क येथील सूतगिरण्यांत रॉबर्ट ओवेन यांनी १८०० नंतर दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे थांबविले आणि १८१६ साली कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली, हे प्रसिद्ध आहे. परंतु आपल्या मुंबईतही नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याला एक दिवस पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामावर दुखापत झालेल्या कामगाराला पगार, अशा मागण्या मांडल्या. १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली, अशी नोंद आहे. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. यंत्राला विसावा लागत नसला तरी माणसाला तो लागतो, हे सत्य मान्य करून घेण्यास सहा वर्षे लागली.

१९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल रोडजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याबरोबरच वसाहत उभी केली. घरे, झाडे, शाळा यांचा विचार कारखान्याच्या नकाशातच केल्याने कोरड्या माळाची वाडी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात केंद्रात मजूर खात्याचे सदस्य होते; १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्वच्छता, खेळती हवा, उजेड, हात धुण्याची सोय, बसण्याची सोय, प्रथमोपचार आणि पाळणाघर यांचे नियम घालून दिले. तो विषय आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आला असून ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. निसर्गाच्या बाजूने १९७४ चा जल अधिनियम, १९८१ चा वायू अधिनियम आणि १९८६ चा पर्यावरण अधिनियम हे आहेतच.

कायद्यांची उणीव आपल्याकडे नाही. उणीव आहे ती अशी की, कायद्याचा उंबरठा कामगारांच्या संख्येवर ठरतो आणि लहान शेड पुष्कळदा त्या उंबरठ्याच्या बाहेर राहते. पाच-सात स्त्रिया जेथे काम करतात तेथे निरीक्षक पोहोचत नाही. परंतु ग्रामपंचायतीचा सदस्य त्या दारावरून रोज जातो. म्हणून हा विषय मी आपणांपुढे मांडतो आहे.

छप्पर नसलेली कामाची जागा

कामाची जागा म्हटली की चार भिंती डोळ्यांसमोर येतात. पण काही जागांना भिंतीही नसतात आणि छप्परही नसते. साखरेच्या गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रात येणारे ऊसतोड मजूर पहाटेच्या काळोखात उसाच्या फडात उतरतात आणि रात्री कोपीत निजतात. फड हीच त्यांची कामाची जागा. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडू नये, शौचाला आडोसा नसावा, अशा स्थितीत काम करणाऱ्या शरीराची काय गत होते, हे त्या प्रकरणाने महाराष्ट्रापुढे आणले. ज्या गावाच्या शिवारात अशा कोपी पडतात, त्या गावाने पाणी, आडोसा, दिवा आणि मुलांसाठी शाळेचा दरवाजा एवढे तरी आपले कर्तव्य मानावे.

साखर धंद्यात निसर्गाच्या अंगानेही शिकण्यासारखे आहे. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. रस आटविताना वाफ होऊन निघालेले हे पाणी थंड करून पुन्हा वापरले, तर नदीवरचा भार हलका होतो. चिपाड भट्टीला, मळी शेताला आणि पाणी पुन्हा कारखान्याला, असे चक्र पूर्ण करणे हीच खरी काटकसर आहे. गवसे येथे आपल्या तालुक्याचा सहकारी साखर कारखाना आहे. त्याचे सभासद शेतकरीच असल्याने असे प्रश्न सभेत विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे.

कचेरी आणि शाळा

दुसऱ्यांच्या कारखान्यांविषयी बोलताना आपल्या स्वतःच्या जागा विसरून चालणार नाही. कचेरी आणि शाळा हीसुद्धा कामाची ठिकाणे आहेत. आपल्याकडील जुन्या घरांत जांभ्याच्या जाड भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे सोपा आणि बाजूने पडवी असे. पावसाची झड पडवीत अडे, भिंत कोरडी राही, आणि उन्हाळ्यात आत गारवा असे. आज आपण येथेही तीच सपाट स्लॅबची इमारत आणि तेच पत्र्याचे छप्पर उभे करतो, जे मराठवाड्यात वा मुंबईत करतो. मग पावसाळ्यात भिंतींना ओल येते, दप्तरे कुबट होतात, दिवसाही दिवे लावावे लागतात आणि एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली बसूनही डोके तापते. वीज अधिक जळते आणि माणूसही अधिक थकतो. येथेही पुन्हा तेच सूत्र दिसते की, शरीराला जे मानवले नाही ते निसर्गालाही महाग पडले.

नवी शाळाखोली किंवा ग्रामपंचायतीची इमारत मंजूर होईल, तेव्हा नकाशावर सही करण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारता येतील. पाऊस कोणत्या दिशेने येतो आणि खिडकी कोठे आहे? दिवसा दिव्यावाचून फळा दिसेल काय? छपराचे पाणी साठविता येईल काय? स्त्री कर्मचाऱ्यांसाठी व मुलींसाठी पाण्यासह स्वच्छतागृह आहे काय? दाखल्यासाठी डोंगरवाडीवरून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला बसायला बाक आणि प्यायला पाणी आहे काय? कचेरीत खेटे घालणाऱ्या नागरिकासाठी ती जागा दिवसभर कामाचीच जागा होऊन बसते, हेही ध्यानी घ्यावे. आवारात असलेले मोठे झाड बांधकामाच्या आड आले तर नकाशा हलवावा. झाड हलविता येत नाही.

नदी सर्वांच्या जागा जोडते

आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी आपली हिरण्यकेशी आजऱ्यावरून वाहत गडहिंग्लजला जाते, पुढे संकेश्वर भागात कर्नाटकात शिरते आणि घटप्रभेला मिळते. तिच्या उगमाजवळ आंबोलीच्या मंदिराच्या कुंडात २०२० साली माशाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदविली. तिला नदीचेच नाव देण्यात आले आणि २०२१ साली शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. एवढ्या निर्मळ पाण्याचे आपण वरच्या अंगाचे शेजारी आहोत. रामतीर्थावर उभे राहून जो हे पाणी पाहतो, त्याने खाली गडहिंग्लजला आणि संकेश्वरला तेच पाणी कोणीतरी पीत आहे, हे आठवावे.

वरच्यांनी न आठवल्यास खालच्यांचे काय होते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. यंत्रमागाच्या त्या कष्टाळू नगरीत आजारी पडलेले बहुतेक लोक रोज मजुरी करून जगणारेच होते. नदी बिघडते तेव्हा प्रथम कामकरी माणसाचेच घर बसते.

आक्षेपाचा विचार

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका मानू नये. अशा सुधारणांना खर्च येतो. लहान काजू कारखानदाराला बाहेरदेशीच्या मालाशी आणि मोठ्या उद्योगांशी स्पर्धा करावी लागते. त्याच्यावर एकदम नियमांचा बडगा उचलला, तर तो शेड बंद करील आणि ज्यांच्यासाठी आपण हे करू पाहतो, त्या स्त्रियांचाच रोजगार जाईल. दुसरीकडे आपोआप बी फोडणारी यंत्रे आली आहेत. त्यांनी हात वाचतील, परंतु कामही जाईल.

याचे उत्तर असे की, यंत्राने कष्ट घ्यावेत आणि कौशल्य माणसाकडे ठेवावे. दाहक तेलाशी येणारा संबंध यंत्राकडे जावा. सोलणे, पारखणे, प्रतवारी, बांधणी, हिशेब, विक्री ही कामे स्त्रियांना शिकवून त्यांच्या हाती द्यावीत. ई. एफ. शुमाकर या अर्थतज्ज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मॉल इज ब्युटिफुल’ या पुस्तकात माणसाच्या आवाक्यातील तंत्रज्ञानाचा जो आग्रह धरला, त्याचा अर्थ हाच आहे. आणि नियमांचा उपयोग शेड बंद करण्यासाठी न करता ती सुधारण्यासाठी करावा. मुदत द्यावी, मार्गदर्शन द्यावे, कर्ज व अनुदानाच्या योजनांची माहिती दारापर्यंत न्यावी; आणि एवढे करूनही जो पाण्यात घाण सोडतो, त्याच्यावर कारवाई करण्यास कचरू नये.

आपण काय करावे

पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी की, ग्रामसभेपूर्वी जी महिला सभा घ्यावयाची असते, तीत गावातील कामाच्या जागांचा विषय एकदा तरी ठेवावा. हातांना काय होते, पाणी आहे काय, स्वच्छतागृह आहे काय, लहान मूल कोठे ठेवतात, हे त्या स्त्रियांच्या तोंडून ऐकावे आणि इतिवृत्तात लिहावे. लिहिलेली गोष्ट पुढच्या सभेत पुन्हा वर येते. लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी २०१३ साली झालेल्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या स्त्रीलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती प्रत्येक शेडच्या भिंतीवर लावली जावी.

अधिकाऱ्यांना विनंती अशी की, कामगार, आरोग्य, उद्योग आणि प्रदूषण नियंत्रण या खात्यांनी एकाच दिवशी, एकाच शेडला, मिळून भेट द्यावी. चार खात्यांचे चार कागद निघाले तर कारखानदार कावतो; चौघांनी मिळून एक सल्ला दिला तर तो ऐकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी काजू कामगार स्त्रियांच्या हातांची व फुप्फुसांची तपासणी वर्षातून एकदा त्यांच्या कामाच्या जागीच करावी.

शिक्षकांचे काम सर्वांत लांब पल्ल्याचे आहे. आपल्या वर्गातील अनेक मुलांच्या आया याच शेडमध्ये काम करतात. काजूच्या बीची रचना, बिब्ब्याशी असलेले तिचे नाते, टरफलातील तेलाचे उपयोग आणि आपल्या ओढ्याचे पाणी हा विज्ञानाचा एक सुरेख पाठ होऊ शकतो. आईच्या हातांवरचे काळे डाग कशाचे, हे ज्या मुलीला शाळेत कळले, ती उद्या कारखाना काढील तेव्हा वेगळा काढील.

बंधु-भगिनींनो, घाटमाथ्यावरचा हा तालुका आकाराने लहान आहे. त्यामुळे येथील कारखाना, शाळा, कचेरी, ओढा आणि घर ही सर्व एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. मोठ्या शहरात कारखान्याचा मालक एकीकडे, मजूर दुसरीकडे आणि धूर तिसरीकडे जातो. येथे तिघेही एकाच गावात राहतात आणि एकाच नदीचे पाणी पितात. सुधारणा करण्यास याहून चांगली जागा कोणती? काम करणाऱ्याचा हात धड राहावा आणि त्याच हाताने ओंजळभर पाणी नदीतून निःशंकपणे पिता यावे, एवढी कसोटी आपण तालुक्यातील प्रत्येक कामाच्या जागेला लावू या.



जय हिंद! जय महाराष्ट्र!